ऑगस्टमध्ये केनिया: सात दिवसांत चार पार्क जमतील का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. येत्या 15 ऑगस्टच्या सुट्टीला जोडून आम्ही चौघं केनियाला जायचं म्हणतोय: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझी आई (वय 68). मे महिन्यात तिकडे मोठा पाऊस, दिवाळीत पुन्हा पाऊस, म्हणून शाळा बुडवून ऑगस्टच धरलाय. एजंटने दिलेला प्लॅन असा: नैरोबी एक रात्र, अंबोसेली एक, नैवाशा एक, नाकुरू एक, मसाई मारा दोन. लेकीला मारात वाइल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे, कळपाने फिरणारे रानटी प्राणी) नदी ओलांडताना बघायचेत, आईला अंबोसेलीतले हत्ती. आईची कंबर दुखते आणि ती शाकाहारी आहे. एवढं सगळं झेपेल का?

पाणवठा:
ताई, पैसे भरले नसतील तर प्लॅन बदलून घ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही अगदी असेच गेलो होतो. अंबोसेलीहून पुढच्या मुक्कामाला पोचायला अख्खा दिवस गाडीत गेला आणि वडिलांची कंबर धरली ती शेवटपर्यंत. मारात दोनच रात्री होत्या. शेवटच्या सकाळी कळप काठावर येऊन उभा आणि आमची निघायची वेळ झालेली. गाडी वळली तेव्हा मुलगा मागच्या काचेतून बघत होता, ते अजून मनातून जात नाही.

2024 मध्ये पुन्हा गेलो, फक्त दोन जागा ठेवून. कोरड्या दिवसांत गवत खाली बसतं, डबकी आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्याकडे येतात. मग त्यांच्यामागे धावायचं कशाला? पाण्यापाशी गाडी बंद करून बसायचं. अंबोसेलीत सगळीकडे पांढुरकी धूळ असते आणि मधोमध हिरवीगार दलदल, कारण किलिमांजारोचं पाणी जमिनीखालून येऊन तिथे वर निघतं. सकाळी हत्ती धुळीतून एकामागून एक येतात, नुसते राखाडी. पोटापर्यंत पाण्यात उतरतात, गवताचा जुडगा सोंडेने उपटून गुडघ्यावर आपटून झाडतात आणि मग तोंडात घालतात. बाहेर येतात तेव्हा खालचा अर्धा हत्ती काळाकुळकुळीत आणि वरचा अर्धा तसाच धुळकट. तुमच्या आईंना हे दोन दिवस निवांत बघू द्या.

मारात या वेळी चार रात्री राहिलो. पहिल्या दिवशी नदीकाठी साडेतीन तास बसलो. पुढचा वाइल्डबीस्ट पाण्याला तोंड लावायचा आणि दचकून मागे फिरायचा, की सगळी रांग मागे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एक उतरला आणि मागून सगळे कोसळलेच. ओलांडणीची वेळ कुणीच सांगू शकत नाही, म्हणून हातात दिवस हवेत. ड्रायव्हरला आधीच सांगा की काठाच्या अगदी तोंडाशी गाडी घालायची नाही. ऐन मोसमात गाड्यांनी वाट अडली की कळप बिथरून परत जातो, हे डोळ्यांनी पाहिलंय.

मी असं करीन: अंबोसेली दोन रात्री, नैरोबी एक, मारा तीन. गेंड्यासाठी नाकुरूच हवं असं नाही, नैरोबी नॅशनल पार्कमध्येही गेंडे आहेत आणि ते शहराला लागूनच आहे. एक खर्च मात्र तपासा. मारात 2024 पासून जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढांना दिवसाला 200 डॉलर प्रवेश फी आहे. ती पॅकेजमध्ये धरली आहे का, किती दिवसांची, हे लेखी घ्या.

नैरोबीकर:
वरचं पटलं. आईंसाठी माराला विमानाने जा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून पाऊण-एक तास, रस्त्याने पाच-सहा तास. छोट्या विमानात साधारण 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत.

यलो फीवरची लस विसरू नका. केनियाहून परतताना भारतात प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. ठरलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्यांना ती सरसकट देत नाहीत, त्यामुळे आईंच्या डॉक्टरांशी आत्ताच बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा.

जेवणाची काळजी नको, इथे गुजराती मंडळी पिढ्यानपिढ्या आहेत. चिवडा-लाडू डब्यांत भरा, प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे. आणि स्वेटर घ्याच. मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे, पहाटे उघड्या टपाच्या गाडीत कुडकुडायला होतं.

भिंगवाला:
कॅमेरा हलू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायला रिकामी कापडी पिशवी न्या, तिथे तांदूळ घेऊन भरा. अंबोसेलीच्या धुळीत लेन्स बदलू नका. लेकीला स्वतःची दुर्बीण द्या, नाहीतर एकाच दुर्बिणीवरून भांडणं होतात.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. नैवाशा-नाकुरू काढलं, विमानाचं विचारलंय, आईची डॉक्टरकडे शनिवारची वेळ घेतली. पाणवठा, एकच शेवटचं: दलदलीतले हत्ती परत कधी निघतात? आई दुपारी थोडी पडेल.

पाणवठा:
पडू द्या बिनधास्त. चार-साडेचारला गाडीत बसून निघा, ऊन कलल्यावर ते कोरड्या बाजूला निघतात. त्याच सुमारास किलिमांजारोवरचे ढगही बऱ्याचदा हटतात. आईंना पहाड दिसेल अशा बाजूला बसवा.