१९६६ ची सेस्ना १५०, योक (विमानाचं स्टीअरिंग) ढिलं झालंय. बुश (योकची नळी ज्यातून सरकते ती कडी) बदलू की आधी दुसरीकडे बघू?

ओहायोचा_सातारकर
नमस्कार मंडळी, मागच्या वर्षी दोन मित्रांबरोबर सेस्ना १५०एफ घेतली, १९६६ ची, म्हणजे मागे झुकलेली शेपटी आणि इलेक्ट्रिक फ्लॅप जिच्यापासून आले ते मॉडेल. इंजिन ओ-२००, १०० हॉर्सपॉवर, ते छान चाललंय. त्रास सगळा कॉकपिटमध्ये आहे. डावं योक इतकं ढिलं आहे की थोडंसं फिरवलं तरी विमानाला पत्ताच लागत नाही, आणि पुढेमागे करताना पॅनलपाशी टक्क असा आवाज येतो. योकच्या प्लास्टिकला उन्हानं भेगा पडल्यात. थ्रॉटल मधेच जड लागतो, ढकलावा लागतो. कार्ब हीटची (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी) नॉब ओढली की पूर्ण येते पण समोर खरंच काही होतंय का याची खात्री वाटत नाही.

हँगरमधला एकजण म्हणाला डब्ल्यूडी-४० (स्प्रेचं तेल) मार. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, त्यांनी व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं की असला बुश मी लेथवर अर्ध्या तासात काढून देतो. मला त्यांच्या हातचा बुश या विमानात बघायला मनापासून आवडेल, पण नियमात बसतं का? आणि सुरुवात कुठून करू?

रिवेटताई
मी टेक्सासमध्ये ए अँड पी (म्हणजे लायसन्सवाली विमान) मेकॅनिक आहे, जुन्या सेस्ना बऱ्याच केल्यात. आधी एक सांगते, अजून काहीही काढू नकोस. योकमध्ये प्ले (ढिली हालचाल) जाणवतो म्हणजे झीज योकमध्येच आहे असं नसतं, हाताला सगळी झीज एकाच जागी येऊन भेटते. पॅनलमधला बुश, मागचा युनिव्हर्सल जॉइंट, चेन आणि स्प्रॉकेट, केबलचं टेन्शन, पुली, एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीची) बिजागरं, सगळ्यांचा थोडाथोडा प्ले मिळून तुझ्या तळहातात येतो. मित्राला बाहेर एलेरॉन घट्ट धरायला सांग आणि आत तू योक अगदी हळू डावीउजवीकडे हलव, टॉर्च घेऊन पॅनलखाली पाठीवर झोपायचं आणि बघायचं की हालचाल कुठपर्यंत पोचते आणि कुठे मरते. जिथे एक भाग हलतो आणि त्याच्या पुढचा हलत नाही, तिथे झीज. यात तास गेला तरी चालेल, पण चुकीचा पार्ट मागवून महिना जाण्यापेक्षा बरं.

पुढेमागे करताना टक्क होतं तो भाग वेगळा, तिथे बुशवर संशय घे. योक वरखाली दाबून बघ, नळी पॅनलच्या भोकात हलत असेल तर बुश गेलाय. पण नळीवर पण हात फिरव, चर पडला असेल तर नवा बुशसुद्धा लवकर खाईल.

डब्ल्यूडी-४० नको रे बाबा. ते पातळ आहे, आधीचं ग्रीस धुऊन काढतं, स्वतः टिकत नाही आणि मागे चिकट थर राहतो त्यात धूळ बसते, मग ती धूळ पॉलिश पेपरसारखी नळी घासते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लुब्रिकेशनचा तक्ता आहे, जिथे जे लिहिलंय तेच आणि तेवढंच.

थ्रॉटल जड आहे तर आधी फ्रिक्शन लॉक (नॉब जागी धरून ठेवणारी चकती) पूर्ण सैल करून बघ, मग काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून केबलचं इंजिनकडचं टोक सोडव. नुसती केबल तरीही जड लागली तर ती आतून गंजलीय किंवा वळणात दबलीय, ती दुरुस्त करत बसायची नाही, नवी घालायची. केबल मोकळी लागली तर दोष कार्ब्युरेटरच्या लिव्हरकडे. नवी लावताना एक गोष्ट जपायची, नॉब पूर्ण आत ढकलली की कार्ब्युरेटरचा लिव्हर त्याच्या स्टॉपला आधी टेकला पाहिजे आणि नॉब पॅनलपासून किंचित लांब राहिली पाहिजे. नॉब आधी टेकली तर पूर्ण पॉवर मिळालीच नाही असं समज. कार्ब हीटचंही तेच, एकजण नॉब ओढेल आणि दुसरा एअरबॉक्समधली (हवा आत घेणाऱ्या डब्यातली) झडप शेवटपर्यंत फिरते का ते डोळ्यांनी बघेल. तिची तार क्लॅम्पच्या बोल्टपाशी वाकून वाकून तुटते, नीट बघ. आणि रनअपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) कार्ब हीट ओढल्यावर आरपीएम पडतात का? नसतील पडत तर उत्तर तिथेच आहे.

बाबांच्या बुशबद्दल. एफएआर (अमेरिकेचे विमान नियम) २१.९ मध्ये मालकानं स्वतःच्या विमानासाठी पार्ट बनवायची सोय आहे. पण पार्ट मूळ डिझाइनसारखाच हवा, माप, मटेरियल, सगळं, आणि बनवण्यात मालकाचा खरा सहभाग हवा, म्हणजे ड्रॉइंग किंवा मटेरियल तू द्यायचंस किंवा कामावर देखरेख तू करायचीस. दुसरं प्लास्टिक चांगलं वाटलं म्हणून वापरलं तर तो बदल ठरतो, त्याचे कागद वेगळे. बसवताना ए अँड पी हवाच. पायलटला स्वतः करता येणाऱ्या कामांच्या यादीत कंट्रोल सिस्टिम सोडवणं नाहीये. पण मेकॅनिकच्या देखरेखीखाली तू हातानं काम करू शकतोस, आणि करच, आपलं विमान आतून कळतं.

प्लास्टिकच्या भेगा नुसत्या वरवर असतील तर दिसण्याचा प्रश्न. भेग मधल्या हबपर्यंत गेली असेल तर फिलर भरून चामडं शिवायचं अजिबात नाही, झाकलेली भेग पुढच्या मेकॅनिकला दिसत नाही. ते योक बदलायचं.

ढगातला_बारामतीकर
मी ट्रेनिंग घेतोय, रिपेअरचं फार कळत नाही पण कॉकपिटचा विषय निघालाय म्हणून लिहितो, सीट पण बघा प्लीज. आमच्याकडे एका सेस्ना १७२ मध्ये टेकऑफ रोलला माझी सीट एक घर मागे सरकली आणि घाबरून मी धरायला योकच ओढलं, इन्स्ट्रक्टर बाजूला होते म्हणून निभावलं. अजून अंगावर काटा येतो.

रिवेटताई
बरं झालं लिहिलंस. सेस्नाच्या सीट रेलवर एडी (विमान खात्याची सक्तीची सूचना) आहे, २०११-१०-०९, दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी तपासणी. रेलमधली भोकं झिजून लांबट होतात, ०.४२ इंचाच्या वर गेलं की रेल बदलायची. सातारकर, योक काढणारच आहेस तर सीट बाहेर येतीलच, त्याच वेळी बघून घे. आणि इग्निशन स्विच जुना बेंडिक्सचा असेल तर एडी ७६-०७-१२, इंजिन आयडलला असताना किल्ली क्षणभर ऑफला ने, इंजिन मरायला लागलं पाहिजे. नाही मेलं तर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) जिवंत आहे, प्रॉपेलरला कोणालाही हात लावू देऊ नकोस.

जुना_एएमई
मुलांनो, वाचून बरं वाटलं. मी पुण्यात असतो, एएमई म्हणजे विमान देखभाल इंजिनिअर होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. उमेदीची वर्षं फ्लाइंग क्लबच्या पुष्पकवर गेली. एचएएलचं विमान, पहिलं उड्डाण १९५८ चं, पंख वर, अंगावर कापड, ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल. पावसाळ्यात एकदा पोरं तक्रार करायला लागली की कंट्रोल जड लागतो. आम्ही वरून सगळं ग्रीस केलं, फरक नाही. शेवटी फळ्या उघडल्या तर एक पुली दमटपणानं जाम झालेली, फिरतच नव्हती, केबल तिच्यावरून नुसती घासत होती आणि पुलीला एका बाजूला चर पडलेला. ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं, हात एका जागी आणि दुखणं दुसऱ्या.

केबलवरून सुती फडकं फिरवा, तुटलेली तार असेल तर धागा अडकतो. उघड्या बोटांनी करू नका, टोचते. टर्नबकल (केबल ताणायचा स्क्रू) फिरवलं तर टेन्शन मीटरनं मोजायचं, अंदाज नाही, बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, आणि सेफ्टी वायर नवी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे कंट्रोलला हात लावला की डुप्लिकेट इन्स्पेक्शन सक्तीचं, म्हणजे दुसरा लायसन्सवाला माणूस येऊन पहिल्यापासून सगळं परत बघणार. तुमच्याकडे लहान खाजगी विमानाला सक्ती नसली तरी करून घ्या. चेन एक दात चुकली किंवा केबल उलटी लागली तर योक मोकळं फिरतं, छान वाटतं, आणि विमान उलट्या बाजूला जातं. योक धरून अंगठे वर करा, योक फिरवा, अंगठे ज्या बाजूला झुकले त्या बाजूचं एलेरॉन वर गेलं पाहिजे. दर उड्डाणाआधी करा, नुसतं हलतंय एवढं बघून थांबू नका.

ओहायोचा_सातारकर
काका, ताई, खूप खूप आभार. तीन आठवडे लागले म्हणून उशिरा लिहितोय. मित्रानं एलेरॉन धरलं आणि मी पॅनलखाली झोपलो, प्ले निघाला युनिव्हर्सल जॉइंटमध्ये, पिनचं भोक लांबट झालेलं. बुशपण गेला होता पण फिरवताना जाणवणारा ढिलेपणा त्याचा नव्हताच, मी फक्त बुश घातला असता तर तसंच राहिलं असतं. काका, फडकंही अडकलं, उजव्या पंखाकडे जाणाऱ्या केबलवर दोन तारा तुटल्यात, पुलीच्या वळणावरच, ती केबल आता नवी येतेय. कार्ब हीटची तार क्लॅम्पपाशी अर्धी तुटलेली होती. थ्रॉटलची केबल नवी घातली, लोण्यासारखी चालते. सीट रेल मापात बसल्या.

बुशचं मटेरियल पार्ट्स कॅटलॉगवरून ठरत नव्हतं म्हणून मेकॅनिकच्या सांगण्यावरून तयार पीएमए (दुसऱ्या कंपनीनं मंजुरी घेऊन बनवलेला) पार्ट घेतला. बाबांना सांगितलं, ते म्हणाले मटेरियल माहीत नसताना मीही लेथला जॉब लावत नाही. मे महिन्यात ते इकडे येतायत, केबल बसल्यावर शेजारच्या हँगरमधला दुसरा मेकॅनिक सगळं परत तपासणार आहे, मग उजव्या सीटवर पहिले तेच.

जुना_एएमई
त्या दोन तारांचा फोटो टाक बरं, आणि पुली पण बदल, जुनी ठेवू नकोस.