आई दिसत नाही म्हणून मांजरीची पिल्लं उचलायची का?

चिंचोके
कोपऱ्यात पिल्लं दिसली, मांजरी दिसली नाही, की लोक ती खोक्यात भरून घरी आणतात आणि मग "आता काय पाजू?" म्हणून विचारत सुटतात. माझं मत विचाराल तर उचलूच नका. पिल्लं गुबगुबीत, स्वच्छ आणि एकमेकांच्या अंगावर गाढ झोपलेली असतील तर त्यांना आई आहे, ती पोट भरायला गेलीय. ती काही तासही बाहेर असू शकते, आणि तुम्ही तिथे डोकावत उभे असाल तर येणारही नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. जागा बदलताना ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, मधल्या वेळात आपल्याला उरलेली दोन 'अनाथ' वाटतात. लांबून लक्ष ठेवा. तेवढा वेळ नसेल तर पिल्लांभोवती पिठाची बारीक रेघ ओढून निघून जा. परत आल्यावर पिठात पंजे उमटलेले दिसले की विषय संपला.

अर्धवट झोप
संपला कसा? पंजा आईचाच कशावरून? बोका येऊन गेला असेल तर? अनोळखी बोके पिल्लं मारतात. शिवाय पिठाला मुंग्या लागतात आणि तान्ह्या पिल्लाला मुंग्यांपासून पळता येत नाही.

तुमचा सल्ला गुबगुबीत पिल्लांपुरता ठीक आहे. पण पहिल्या आठवड्यात पिल्लाला धड कुडकुडताही येत नाही, अंगातली ऊब आईकडूनच यावी लागते. हाताला गार लागणारं पिल्लू पाहून 'आई येईल' म्हणत बसलात तर आई येईपर्यंत ते गेलेलं असेल. आणि ओरडणारं पिल्लू त्यातल्या त्यात बरं. गप्प पडलेलं असेल त्याची जास्त काळजी करा.

चिंचोके
गार पिल्लू उचला, मी कुठे नाही म्हटलं? पण उचलणारा घरी येऊन पहिलं काय करतो? दूध तापवायला ठेवतो! गार पडलेल्या पिल्लाची आतडी जवळजवळ थांबलेली असतात, दूध पोटात तसंच पडून राहतं. गिळायची ताकद नसल्याने ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया वेगळाच. आधी ऊब. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवायची, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लू दुसऱ्या अर्ध्यात सरकतं. अंग कोमट लागायला लागलं आणि करंगळीचं टोक तोंडाशी नेल्यावर चोखायला लागलं, की मग दुधाचं बघा.

निळी शाई
केवढं ते अवडंबर! आमच्याकडे गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजायचे, जगली की पिल्लं. आणि गाईच्या दुधातलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पिल्लांना सोसत नाही असा बाऊ करणाऱ्यांनी सांगावं, मांजरीच्या दुधात लॅक्टोज नसतं का?

अर्धवट झोप
असतं. तेवढा मुद्दा तुमचा बरोबर आहे, बरेच जण तिथेच घसरतात. गाईचं दूध कमी पडतं ते प्रथिनांत आणि स्निग्धांशात. मांजरीच्या दुधात प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या आसपास, गाईच्या दुधात साडेतीनच्याही खाली. त्यात तुम्ही वर पाणी घालणार! पिल्लाचं पोट केवढं, तर १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी जेमतेम ४ मिलिलीटर मावेल एवढं. त्यात पाणचट दूध भरलं की पोट टम्म होतं आणि पिल्लू मात्र उपाशी. जन्मतः १०० ग्रॅमच्या आसपासचा जीव रोज १०-१५ ग्रॅमने वाढायला हवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज ठेवून बघा, वजन वाढलं नाही की दूध कमी पडतंय किंवा दुखणं आहे.

मांजरीच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, तीच आणा. 'जगली की' म्हणता, पण न जगलेली कोणी मोजली होती?

निळी शाई
मोजली नव्हती, हे खरं. पण मग माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, त्याचं काय? तुम्ही तर रोज काट्यावर ठेवायला सांगताय.

चिंचोके
वास लागला म्हणून मांजरी पिल्लू टाकत नाही. सारखा त्रास दिला तर हलवते, एवढंच. उचललेलं पिल्लू ऊब देऊन परत ठेवलं आणि आई आली तर ती घेते.

दारातली चप्पल
दुधावर एवढं भांडताय, पण पाजायचं कसं हे कोणीच सांगत नाही. तान्ह्या बाळासारखं उताणं घेऊन पाजतात लोक! पिल्लाला पोटावरच ठेवा, डोकं किंचित वर. ड्रॉपरने थेंब थेंब द्या, नाकातून दूध आलं तर ताबडतोब थांबा. आणि दूध पाजून काम संपत नाही. पहिले तीनेक आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस प्रत्येक दुधाच्या वेळी शेपटीखाली हळूहळू फिरवावा लागतो. शू गडद पिवळी दिसली तर अंगात पाणी कमी पडतंय.

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. ज्याला ते जमणार नाही त्याने पिल्लू उचललंच तर दूध पाजणारी दुसरी मांजरी शोधावी. तिची पिल्लंही त्याच वयाची असतील तर ती बऱ्याचदा परकं पिल्लू घेते.

अर्धवट झोप
दुसरी मांजरी काय मागितली की मिळते? रात्री अकराला सापडलेल्या पिल्लाचं काय करायचं ते सांगा. एका रात्रीचं जागरण कोणालाही जमतं. सकाळी डॉक्टरकडे न्या, पुढचं तिथे ठरवा.

चिंचोके
आणि आई सापडली, तर पिल्लं सुटी झाल्यावर तिचं ऑपरेशन करून घ्या. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. यावर तरी इथे कोणी भांडणार नाही ना?

निळी शाई
भांडणार. आधी ती पकडून दाखवा.