पिकअपच्या हौद्याखालचे चॅनल सडलेत, मदत हवी आहे

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमची पिकअप रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावरून मासळी उचलते, त्यामुळे बर्फाचं खारं पाणी रोज खाली गळतंच, आणि आता हौद्याच्या पत्र्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी चॅनलपैकी मागच्या चाकांवरचे दोन पार सडलेत, स्क्रू ड्रायव्हर टोचला तर सरळ आरपार, गंजाचे पापुद्रेच हातात येतात. वरची चेकर प्लेट (खडबडीत नक्षीचा पत्रा) मात्र अजून ठणठणीत आहे, चासीलाही नुसता वरवरचा गंज.

एक बॉडीवाला म्हणतो यू-बोल्ट सोडून अख्खा हौदा उतरवू. दुसरा म्हणतो कशाला एवढा कुटाणा, जॅकवर थोडा उचलू, जुना चॅनल गॅस कटरने कापू नि नवा खालून सरकवू. पण डिझेलची टाकी नि वायरिंग शेजारीच, गॅस कटरचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. टाकी उतरवून, बॅटरी काढून ग्राइंडरने कापलं तर जमेल ना?

दुसरं म्हणजे ७५ बाय ४० मिमीचा सी-चॅनल घेऊ की बॉक्स पाइप? पाइप हलका पडतो खरा, पण आत पाणी शिरलं की आतूनच सडतो, बाहेरून कळतही नाही. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, घ्यावा तर वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं नि तिथूनच परत गंज. नुसतं रेड ऑक्साइड (गंज रोखायचा लाल रंग) आमच्या खाऱ्या हवेत टिकत नाही, एपॉक्सी प्रायमर कुणी मारलाय का? आणि चासी-चॅनलच्या मध्ये लाकडी पट्टी घालता की रबर?

जूनमध्ये बोटी बंद झाल्या की काम काढायचंय, कोकणातल्या गाडीवाल्यांनी जरूर सांगा, मजुरीचा अंदाजही द्या.