दहावीतल्या मुलाचा दमा: व्हिडिओ कॉलवरच्या कोचिंगमध्ये नेमकं काय व्हायला हवं?

पातलीपाडा_पालक
मुलगा 15 वर्षांचा. बुडेसोनाइडचा (श्वासनळ्यांची सूज कमी ठेवणारं रोजचं औषध) पंप सकाळी 2 आणि रात्री 2 पफ, धाप लागली तर लगेच आराम देणारं साल्ब्युटामॉल, दोन्ही स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी). डॉक्टर तीन महिन्यांनी तपासतात. मधे शाळा, क्लास आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक यातून जाणं होत नाही. दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करणारे कोच असतात असं कळलं. आम्ही विचारलं की "घेतलं" म्हणतो आणि विषय संपतो. कोच वेगळं काय करणार? पैसे देण्याआधी काय बघावं?

श्वसन_फिजिओ_ऐरोली
उपयोग होतो, पण कोचने "औषध घेतलंस का?" विचारण्याऐवजी "घेऊन दाखव" म्हटलं तरच. कॉलची वेळ रोजच्या डोसच्या वेळीच ठेवा, म्हणजे जादा पफ घ्यावा लागत नाही. मोबाइल एका बाजूला, तोंडाच्या उंचीवर टेकवा. समोरून धरला तर ओठ स्पेसरवर नीट मिटलेत का ते कळत नाही.

क्रम असा: पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर ओठांत धरायचा, एकच पफ दाबायचा, 4-5 सेकंद सावकाश आत ओढायचा, 10 सेकंद रोखायचा. अर्ध्या मिनिटाने पंप पुन्हा हलवून दुसरा पफ. मुलं घाईत दोन्ही पफ एकदम स्पेसरमध्ये मारतात. मग कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, छातीत कमी पोहोचतात. जोरात ओढलं तर औषध घशातच आदळतं. काही स्पेसर अशा वेळी शिट्टी वाजवतात, ती कॉलवरही ऐकू येते. बुडेसोनाइडनंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. ही चूळही कॅमेऱ्यासमोरच होऊ द्या, कारण सगळ्यात आधी तीच राहून जाते.

स्पेसरही दाखवायला सांगा. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून बुडवायचा आणि निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं.

पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर सोडता येतो ते मोजणारं छोटं यंत्र. उभं राहून तीन वेळा जोरात फुंकायचं, त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. तब्येत चांगली असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजून त्याचा स्वतःचा उच्चांक ठरवा. तो 400 आला तर 320 च्या वर हिरवा पट्टा, 200 ते 320 पिवळा, 200 च्या खाली लाल. प्रत्येक पट्ट्यात काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याची प्रत कोचकडे द्या. असा कागद न मागता काम सुरू करणारा कोच नको.

औषधवाला_कोपरी
काउंटर (किती पफ उरले ते दाखवणारा आकडा) असलेलाच पंप मागा. 120 पफचा पंप रोज 4 पफने 30 दिवस जातो. आठवड्यानंतर काउंटरवर 92 हवेत. 104 दिसले तर 28 ऐवजी 16 च पफ गेलेत. दर रविवारी काउंटरचा फोटो कोचला पाठवला की घरातली रोजची चौकशी बंद करता येते, आणि या वयात तेच जास्त गरजेचं असतं. काउंटर नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावर लिहा. पाण्यात तरंगतो का हे बघू नका, त्यातून काही कळत नाही.

साल्ब्युटामॉलच्या काउंटरचा अर्थ उलटा: तिथे पफ जास्त गेले तर काळजी करायची. वर्षात 200 पफचे तीन किंवा जास्त पंप संपणं म्हणजे मोठ्या अटॅकचा धोका वाढलाय. ते डॉक्टरांना लगेच कळवा.

बालदमा_नेरूळ
कोचने डोस बदलायचा नाही, ते काम नोंदणीकृत डॉक्टरांचं. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं तर 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलासोबत मोठी व्यक्ती लागते. कोचिंगच्या कॉलमध्ये मात्र पहिली दहा मिनिटं त्याला एकट्याला बोलू द्या. मित्रांसमोर पंप काढायची लाज, सिगारेट, व्हेप, फुटबॉल सोडून देणं, हे आईबाबांसमोर निघत नाही. कोच त्यातलं काय तुम्हाला सांगणार आणि काय नाही, हे पहिल्याच कॉलमध्ये तिघांनी मिळून ठरवा. जिवाला धोका असेल ते सांगितलंच जाईल, हे मुलालाही तेव्हाच माहीत हवं.

एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय किंवा साल्ब्युटामॉलचा परिणाम तीन-चार तासही टिकत नाही, तर कोचला मेसेज करत बसू नका. स्पेसरमधून साल्ब्युटामॉल, एका वेळी एक पफ, आणि 108 ला फोन किंवा जवळचं हॉस्पिटल.

पातलीपाडा_पालक
आभार. क्लासच्या दप्तरात स्पेसर न्यायला तो तयार नाही. त्याऐवजी रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचं छोटं यंत्र) चालेल?

श्वसन_फिजिओ_ऐरोली
डॉक्टरांनी लिहून दिला तर चालेल, पण त्याची पद्धत उलटी: पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचं. कॅप्सूलचा खडखडाट कॉलवर ऐकू आला पाहिजे. आत फुंकर मारायची नाही, श्वासातल्या दमटपणाने पावडर चिकटते. पावसाळ्यात कॅप्सूल वापरायच्या क्षणीच बाहेर काढा. ओढून झाल्यावर टरफल कॅमेऱ्याला दाखवायचं; पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. मोठ्या अटॅकमध्ये मात्र इतक्या जोरात ओढता येत नाही, म्हणून पंप आणि स्पेसर घरी राहू द्याच. बोर्डाच्या परीक्षेआधी डॉक्टरांचं पत्र केंद्रसंचालकांकडे पोहोचवा, म्हणजे पंप बाकावर ठेवता येईल.