लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोनचं सर्टिफिकेट काढायचं का?

उदगीरचा शटरवाला: राम राम मंडळी. आपला फोटो स्टुडिओ आहे, आता पोरीकडचे असो की पोराकडचे, पहिला प्रश्न एकच, ड्रोन आहे का. दरवेळी ड्रोनवाला बाहेरून आणायचा म्हणजे निम्मी कमाई त्यालाच जाते. म्हणून स्वतः शिकायचं ठरवलंय, आणि शिकायचं तर रिमोट पायलट सर्टिफिकेट (ड्रोन उडवायचं लायसनच म्हणा) काढूनच, असं माझं मत आहे. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे वय 18 ते 65, दहावी पास, मान्यता असलेल्या संस्थेत ट्रेनिंग आणि परीक्षा, मग सर्टिफिकेट 10 वर्षं चालतं. पार्टनर म्हणायलाय पैसे पाण्यात घालू नको.

बीडचा बाप्पा: पार्टनर शहाणा आहे बाप्पा. संस्थेत काय शिकवतात? जड ड्रोन देतात, मैदानात आठाचा आकडा काढा, उतरवा, झालं. नवरदेवाची घोडी मांडवात शिरताना ड्रोन मागं घेत घेत कॅमेरा हळू वर कसा उचलायचा ते तिथं कोण सांगणार? 250 ग्रॅमच्या आतला नॅनो ड्रोन घ्या, त्याला सर्टिफिकेट लागतच नाही. विषय संपला.

गोदाकाठ नांदेड: अर्धंच सांगायलात बाप्पा. नॅनोला लागत नाही, मान्य. पण 250 ग्रॅम ते 2 किलो म्हणजे मायक्रो, तिथं सूट फक्त हौसेखातर उडवणाऱ्याला, लग्नाचे पैसे घेतले की तो धंदा झाला. आणि आठाच्या आकड्याला हसू नका. ड्रोनचं तोंड आपल्याकडं फिरलं की डावं-उजवं उलटं होतं, खाली डीजेपुढं शंभर माणसं नाचायलेत आणि तुम्ही रिमोटची काडी चुकीकडं दाबली तर? रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो तेव्हाची, उंची पाण्याच्या टाकीपेक्षा कमी ठेवली तर परत येताना सरळ टाकीवर जाऊन आदळतो, हे लई जणांना माहीतच नसतं. उन्हाळ्यात दुपारचा वारा सुटला की हलका नॅनो कसा वाहत जातो ते पण बघा एकदा.

खडकीवाला, संभाजीनगर: आमच्याकडं तर वेगळंच दुखणं. चिकलठाण्याच्या विमानतळापासून 8 किलोमीटरच्या आत ग्रीन झोनच (वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं ती जागा) नाही, 8 ते 12 मध्ये 200 फुटांपर्यंत, त्याच्या पुढं 400 फूट. मकबरा, दौलताबाद, वेरूळला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते ती वेगळी. तरी प्री-वेडिंगवाली जोडपी मकबऱ्यावरच अडून बसतात! हा झोनचा नकाशा वाचायला शिकण्यासाठी तरी कोर्स करा.

बीडचा बाप्पा: नकाशा फुकट बघता येतो की भाऊ. माझा खरा मुद्दा ऐका. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, तरी लग्नात उडतात ते बहुतेक तेच, कुणाकुणाच्या बॅगेतून आलेले. त्याला यूआयएन म्हणजे नोंदणी नंबर नाही, टाइप सर्टिफिकेट म्हणजे त्या मॉडेलची मंजुरी नाही. गाडीचं पासिंगच नाही आणि तुम्ही लायसन काढून खिशात ठेवणार, कशाला?

गोदाकाठ नांदेड: मग पासिंग असलेली गाडी घ्या ना! हा मुद्दा ड्रोन कोणता घ्यावा याचा झाला, शिकू नये याचा कसा काय? नियम मोडला तर दंड 1 लाखापर्यंत आहे. आणि 2024 च्या पावसाळ्यात तुमच्याच बीड-जालन्याकडं रात्री ड्रोन फिरायलेत म्हणून गावंच्या गावं जागली होती, विसरलात? अशा गावात संध्याकाळची वरात शूट करायची तर खिशात कागद पाहिजे, नाहीतर लोक आधी घेरतील आणि मग विचारतील.

हिंगोलीची ताई: मी फवारणीचा ड्रोन चालवते, सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेतून शिकले. दादा, तुम्ही सगळे लग्नातच अडकलात. चातुर्मासात लग्नं बंद, आणि नेमकं तेव्हाच सोयाबीनवर अळी, पुढं तुरीवर. फवारणीचे ड्रोन वजनानं मायक्रोच्या वरच्या स्मॉल नाहीतर मीडियम वर्गात येतात, म्हणून संस्थेला आधी विचारा सर्टिफिकेट कोणत्या वर्गाचं देणार. चुकीच्या वर्गाचं घेतलं तर मात्र पार्टनर म्हणतो तसंच होईल.

बीडचा बाप्पा: ताईचं पटलं. लग्नाचं अजून नाही पटलं.

उदगीरचा शटरवाला: ताई, हे तर डोक्यातच आलं नव्हतं, पार्टनरला दाखवतो. बाप्पा, तुमचा स्वतःचा ड्रोन यूआयएनवाला आहे का, तेवढं सांगाच की.

बीडचा बाप्पा: हळदीला निघालोय, उद्या बोलू.