सल्ला हवा: हेडीस-पर्सेफनीचं कॉमिक, छापील, ८०० च्या आत

गुलबाक्षी: नमस्कार मंडळी. लेकीचं फेब्रुवारीत लग्न झालं, आता बंगळुरूला असते. कॉलेजात असताना रात्र रात्र फोनवर ‘लोर ऑलिंपस’ वाचायची. गुलाबी मुलगी म्हणजे पर्सेफनी आणि निळा माणूस म्हणजे हेडीस, ग्रीक पुराणातला पाताळाचा राजा. तेव्हा मी ओरडायचे. आता पहिल्या दिवाळसणाला तीच गोष्ट छापील द्यावी म्हणते. या जोडीवर आणखीही चित्रकादंबऱ्या आहेत असं कळलं. एकच घेणार, ८०० पर्यंत. कुठली घेऊ?

झब्बू_बहाद्दर: लोर ऑलिंपस, डोळे झाकून. मी पहिले चार खंड हार्डकव्हर एकदम उचलले. खिसा रिकामा झाला, पण कपाटात काय दिसतात! २०२२, २३, २४ अशी सलग तीन वर्षं कॉमिक्सचा मानाचा आयझनर पुरस्कार आहे.

नुसता_वाचक: अहो, ताईंचं बजेट ८०० आहे.

झब्बू_बहाद्दर: एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं. पुढे ज्याची त्याची मर्जी.

सरळरेघ: ती मालिका रेचल स्माइथनं फोनसाठी काढलेली, वरून खाली सरकवत वाचायची. दोन चौकटींमध्ये लांबच लांब मोकळा रंग असतो, अंगठा फिरवता फिरवता आपणच थबकतो. पुस्तकात त्याच चौकटी पानात दाटीवाटीनं बसवल्यात. शिवाय मार्च २०१८ ते २०२४ मध्ये एकूण २८० भाग झाले, पहिल्या खंडात त्यातले २५. एकच पुस्तक दिलंत तर कन्या अर्ध्या वाटेतसुद्धा पोचत नाही. फोनवर न आलेली एक छोटी गोष्ट मात्र त्यात जास्तीची आहे.

पेठेतला_पक्षी: फूटपाथवरून अजिबात घेऊ नका! मला २५० ला मिळालं म्हणून मी खुशीत. घरी येऊन बघतो तर हेडीस जांभळा, आणि पान ४८ नंतर थेट ६५. आख्खा फर्मा गायब. परत गेलो तर म्हणतो, ‘साहेब, चित्रंच तर आहेत, समजून घ्या.’

नुसता_वाचक: 😂 समजून घ्या!

ओवी_आणि_शिवी: मला एक कळत नाही, याला प्रेमकथा कुणी केलं? मूळ गोष्ट ज्यात आहे त्या प्राचीन ग्रीक होमरी स्तोत्रात पोरगी फुलं वेचतेय, बाप झ्यूस, देवांचा राजा, परस्पर होकार देऊन मोकळा, जमीन फाटते आणि हेडीस तिला रथात घालून नेतो. पोरीला कुणी विचारलं? आमच्या रुक्मिणीनं निदान स्वतः पत्र धाडलं होतं.

झब्बू_बहाद्दर: पण डाळिंबाचे सहा दाणे तिनं स्वतःच खाल्ले ना?

ओवी_आणि_शिवी: स्तोत्रात एकच दाणा, तोही त्यानं गुपचूप भरवलेला. पाताळातलं खाल्लं की तिथं परतावंच लागतं, म्हणून वर्षातला तिसरा हिस्सा पाताळात. रोमन कवी ओव्हिडकडे सात दाणे आणि सहा महिने. तुमचे सहा दाणे कुठून आले ते तुम्हीच शोधा.

सरळरेघ: लोर ऑलिंपसच्या पहिल्या खंडात अपोलो देवानं पर्सेफनीवर केलेल्या जबरदस्तीचा प्रसंग येतो. लेखिकेनं आधीच सूचना दिली आहे, तरी भेट देताना माहीत असावं.

लिंबूटिंबू: हलकंफुलकं हवं तर लिंडा शेयिचचं ‘पंडरवर्ल्ड’. हेडीस इतका लाजाळू की बोलताना तंतरते त्याची. मी वाचून बहिणीला दिलं, तिनं मैत्रिणीला दिलं, आता कुणाकडे आहे देव जाणे. थोडं चावट आहे हां. मोठ्यांनी वाचायचं.

झब्बू_बहाद्दर: तरी लोर ऑलिंपसच. आयझनर आहे.

ग्रंथपाल_निवृत्त: एका पुस्तकात गोष्ट पुरी हवी असेल तर जॉर्ज ओकॉनरची ‘ऑलिंपियन्स’ मालिका बघा. २०१० ते २०२२, बारा पुस्तकं, त्यातलं चौथं हेडीसचं (२०१२). शाळकरी मुलांच्या कपाटात ठेवतात, पण पर्सेफनीची आई डीमिटर त्यात नीट आहे. मूळ स्तोत्रात ती नऊ दिवस मशाली घेऊन लेकीला शोधत हिंडते, अन्न नाही, अंघोळ नाही. शेवटी म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस गावाच्या विहिरीपाशी बसते.

लिंबूटिंबू: नवी नवरी आहे हो ती, पोरासोरांचं पुस्तक काय देता!

झब्बू_बहाद्दर: +१

ओवी_आणि_शिवी: +१. पहिल्यांदाच झब्बूंशी सहमत.

गुलबाक्षी: सगळ्यांचे आभार. ओकॉनरचं हेडीस घेतलं, कुरिअरसकट ८०० च्या आत बसलं. लेकीला कदाचित पोरकट वाटेल, तिच्या निळ्या माणसासारखा देखणाही नाही यातला. पण ते नऊ दिवस वाचल्यावर दुसरं काही बघवेना. लग्नानंतरचा पहिला आठवडा मीही तिची खोली झाडली नव्हती. आता अडचण अशी की चकल्या तळता तळता आधी मीच वाचून काढलं आणि एका पानावर तेलाचं बोट उमटलंय. तसंच देऊ की दुसरी प्रत मागवू?

ग्रंथपाल_निवृत्त: तसंच द्या. पानाला टाल्कम पावडर लावून वर वजन ठेवा, दोन दिवसांनी झटका. डाग फिका होईल.

पेठेतला_पक्षी: पानं तरी मोजून घ्या.

झब्बू_बहाद्दर: दुसरी प्रत मागवणारच असाल तर हार्डकव्हर बघा.