मदत हवी आहे: टीजीएफ-बीटा देऊनही स्टेलेट पेशी ढिम्म

उपद्व्यापी: एलएक्स-२ पेशींना (यकृतातल्या व्रण विणणाऱ्या स्टेलेट पेशींची लॅबमधली लाइन) टीजीएफ-बीटा १ (त्यांना चेतवणारं प्रथिन) दिलं, ४८ तासांनी वेस्टर्न (प्रथिनांच्या पट्ट्या पाहायची चाचणी) केलं. अल्फा-एसएमएची (पेशी चेतल्याची खूण असलेलं प्रथिन) पट्टी कंट्रोलमध्येही तेवढीच जाड! पामिटेट (एक मेदाम्ल) देऊनही तेच. फॅटी लिव्हरमधल्या फायब्रोसिसचं (व्रण साचण्याचं) मॉडेल उभं करायचंय. सोमवारी लॅब मीटिंग आहे, प्लीज लवकर सांगा.

टिपकागद: डोस किती? सीरम किती? लोडिंग कंट्रोल (सगळ्या नमुन्यांत सारखंच असणारं तुलनेचं प्रथिन) कोणता? काहीच लिहिलेलं नाही, अंदाज तरी कशावर बांधायचा?

उपद्व्यापी: ५ नॅनोग्रॅम प्रति मिली. सीरम नेहमीचंच, १०%. साध्या प्लेट्स. बीटा-ॲक्टिन. पण याचा काय संबंध?

टिपकागद: संबंध आहेच. एलएक्स-२ साधारण २% सीरमवर वाढवतात. १०% मध्ये त्या आधीच चेकाळलेल्या असतात, वर आणखी काय चढणार? ०.२% वर रात्रभर ठेवा, मग डोस द्या. शिवाय अल्फा-एसएमए आणि बीटा-ॲक्टिन दोन्ही ४२ किलोडाल्टन. त्याच ब्लॉटवर स्ट्रिप करून (आधीची अँटीबॉडी धुऊन) पाहिलं असेल तर जुनाच सिग्नल दिसतोय की काय, कसं कळणार? लोडिंग कंट्रोल म्हणून व्हिन्क्युलिन घ्या.

जेलवादी: सीरमचं सोडा, प्लास्टिक फेका! निरोगी यकृताचा कडकपणा २ ते ६ किलोपास्कल, प्लास्टिकचा गिगापास्कलमध्ये. वायएपी (पृष्ठभाग कडक लागला की जनुकं चालू करणारं प्रथिन) केंद्रकात जाऊन बसणारच. १ किलोपास्कलचं जेल वापरा.

टिपकागद: हे ताज्या काढलेल्या पेशींसाठी ठीक. एलएक्स-२ अमर केलेली लाइन आहे, मऊ जेलवर पूर्ण शांत होत नाही. आणि सोमवारपर्यंत जेल कुठून आणणार?

जेलवादी: म्हणजे चुकीच्या पृष्ठभागावर घाईघाईने चुकीचं उत्तर मिळवायचं. छान.

नामकरण: आता फॅटी लिव्हरला एनएएफएलडी म्हणू नका, २०२३ पासून एमएएसएलडी.

उपद्व्यापी: मी ते नाव घेतलंच नाहीये!!

चाळणी: आधी ३०-६० मिनिटांनी फॉस्फो-एसएमएडी३ (टीजीएफ-बीटाचा निरोप पेशीत पोचल्याची खूण) बघा. तेच चढत नसेल तर टीजीएफ-बीटा मेलंय. नुसत्या पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) विरघळवलं तर ते ट्यूबच्या भिंतीला चिकटतं. ४ मिलिमोलर एचसीएल आणि १ मिग्रॅ प्रति मिली बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) हवं.

आता पामिटेट. थेट स्टेलेट पेशींवर ओतून फारसं काही होत नाही. चरबीने जखमी झालेली यकृतपेशी आधी कुफर पेशींना (यकृतातल्याच मॅक्रोफेजेस, म्हणजे भक्षक पेशींना) डिवचते, त्या टीएनएफ, आयएल-१ बीटा, सीसीएल२ असे दाहाचे निरोप सोडतात, रक्तातले मोनोसाइट येतात, आणि या मॅक्रोफेजेसच्या टीजीएफ-बीटामुळे स्टेलेट पेशी व्हिटॅमिन ए टाकून कोलॅजेन विणू लागते. म्हणून पामिटेट हेपजी-२ ला (यकृतपेशींसारखी लॅबमधली लाइन) द्या: ०.३ मिलिमोलर, बीएसएला बांधलेलं, २४ तास. मग धुवा, ताजं माध्यम घाला, पुढच्या २४ तासांनी ते काढून सेंट्रिफ्यूज करा आणि निम्मं स्टेलेट पेशींवर. धुतलं नाहीत तर उरलेलं पामिटेटच मोजत बसाल. माध्यमात पांढरे कण दिसले तर बांधणी सुटली, फेकून द्या.

टिपकागद: +१. बीएसए-कंट्रोल विसरू नका, आणि बीएसए कमी एंडोटॉक्सिनवालं घ्या. एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) टीएलआर४ या ग्राहीमार्गे बॅम्बी (टीजीएफ-बीटाला आवर घालणारं प्रथिन) कमी करतं, मग पेशी टीजीएफ-बीटाला जास्तच संवेदनशील होते. परिणाम पामिटेटचा वाटतो, असतो भलत्याचाच.

सकाळचा_चहा: व्हिटॅमिन ई ८०० युनिट रोज घ्यावं का?

टिपकागद: डॉक्टरांना विचारा. इथे प्लेटमधल्या पेशींचं चाललंय.

उपद्व्यापी: व्हिन्क्युलिन नाही. जीएपीडीएच चालेल?

चाळणी: ३७ किलोडाल्टन, ४२ ला खेटून येतं. १०% जेल जास्त वेळ चालवा, नाहीतर दोन्ही पट्ट्या एकात एक. आणि सीरम आधी बदला!